जन्मनाव पहिल्या ओळीत? ‘कोशकार’ यांना सविस्तर उत्तर

गिरगावचा मुद्रितशोधक

‘कोशकार’ यांनी काल चरित्रनोंदींच्या धाग्यात पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींसाठी तीन नियम मांडले. जन्मनाव पहिल्याच ओळीत द्यावं. शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत ‘ते’ आणि तिथून पुढे ‘त्या’ लिहावं. शीर्षकात दोन्ही नावं ‘उर्फ’ने जोडावीत. कारण काय, तर ‘कोश भावनेवर चालत नाही’. मान्य, चालत नाही. पण हे तिन्ही नियम संपादनाच्याच कसोटीवर पडतात, म्हणून वेगळा धागा काढतोय.

‘उर्फ’ हा शब्द मराठी वाचक सगळ्यात जास्त कुठे वाचतो? गुन्ह्याच्या बातमीत. आरोपीचं खरं नाव आधी, वापरातलं नंतर. राजपत्रात रीतसर नाव बदललेल्या व्यक्तीला ‘उर्फ’ लावलं की तिचं आजचं नाव खोटं ठरतं. तथ्याचीच चूक झाली ना ही?

शस्त्रक्रियेची तारीख म्हणजे नेमकी कोणती? कितीतरी जण शस्त्रक्रिया करतच नाहीत. करतात त्यांची संप्रेरकं (हार्मोन्स) एका वर्षी सुरू होतात, छातीची शस्त्रक्रिया दुसऱ्या वर्षी, पुढची आणखी नंतर किंवा कधीच नाही. त्यात सर्वनाम कुठल्या मंगळवारी बदलायचं? आणि ही माहिती नोंद लिहिणाऱ्याला मिळणार कुठून, दवाखान्याच्या कागदातून? 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की लिंगओळख ठरवण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं अनैतिक आणि बेकायदा आहे. सरकारने मागू नये ते कोशाने मागायचं?

आता जन्मनाव. मी एकच प्रश्न विचारतो: त्या नावाने काही प्रसिद्ध झालं होतं का? ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस घ्या. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेचं ‘टाइम्स’साठी वार्तांकन केलं, त्यानंतरची बरीच पुस्तकं जेम्स मॉरिस या नावाने आली, शस्त्रक्रिया 1972 साली. इथे जुनं नाव द्यावंच लागतं, नाहीतर ग्रंथालयातली पहिली आवृत्ती सापडणार नाही. पण ते द्यायचं ग्रंथसूचीत आणि त्या काळाच्या परिच्छेदात एकदा. उलट लिन कॉनवे. आयबीएममध्ये संगणकाच्या रचनेवर मूलभूत काम, 1968 साली लिंगांतर करतायत म्हणून नोकरीवरून काढलं, नव्या नावाने पहिल्या पायरीपासून सुरुवात, कार्व्हर मीड यांच्याबरोबर चिपच्या रचनेची पद्धत बसवली, आणि 2020 साली आयबीएमने माफी मागितली. अख्खं आयुष्य सांगून झालं. जुनं नाव लागलं का कुठे?

कोशकार

मुद्रितशोधक, ‘उर्फ’चा मुद्दा घेतला. बाकीचं पटलेलं नाही.

चरित्रनोंद जन्मापासून सुरू होते, माणूस कोणीही असो. कुसुमाग्रजांच्या नोंदीत आपण सांगतो की ते जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर आणि दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, दुर्गा खोट्यांचं विटा लाड. कोणाची परवानगी घेत नाही. एका गटाला वेगळा नियम लावला की कोशाची एकरूपता गेली. शिवाय नाव बदलल्याची जाहिरात राज्य शासनाच्या राजपत्रात येते, त्यात जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलेलं असतं. जे चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाने छापलं ते आम्ही लपवायचं?

आणि कागदाशिवाय ओळख मानायची तर पडताळायचं कसं? पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची तरतूद आली ती उगाच नाही.

परळची वाचक

बरं झालं माहेरच्या नावाचा विषय काढलात. बायकांच्या नोंदी कशा लिहिल्या जातात ते एकदा बघा. पहिल्या वाक्यात नवऱ्याचं नाव, दुसऱ्यात सासऱ्याचं, तिसऱ्यात ‘पूर्वाश्रमीच्या अमुक’. पूर्वाश्रम संन्याशाला असतो. लग्न केलेल्या बाईने कुठला संन्यास घेतला? तिचं संशोधन सहाव्या ओळीत येतं. कोशकार ज्या एकरूपतेचा दाखला देतात तीच मुळात दुरुस्त करायला हवी. ज्या नावाने काम केलं ते नाव आधी, बाकी सगळं गरजेपुरतं, असा नियम सगळ्यांनाच लावा. म्हणजे वेगळ्या नियमाचा प्रश्नच राहत नाही.

गिरगावचा मुद्रितशोधक

परळच्या ताईंनी माझं काम केलं.

कुसुमाग्रजांचं जन्मनाव छापल्याने त्यांना कोणी घर नाकारलं नाही, नोकरीवरून काढलं नाही. पारलिंगी माणसाचं जुनं नाव छापलं की तेच नाव घेऊन लोक त्याला हाक मारतात, शाळा सोडल्याचा दाखला शोधतात, घरच्यांना फोन करतात. राजपत्रातली जाहिरात बँकेने, पासपोर्ट कार्यालयाने जुनी नोंद जोडून घ्यावी म्हणून असते. मुद्दाम शोधणाऱ्यालाच ती सापडते. नोंदीची पहिली ओळ न शोधणाऱ्यालाही दिसते.

पडताळणीचं म्हणाल तर ते प्रमाणपत्र सरकारी योजना आणि ओळखपत्र यांसाठी आहे. आपण कोणत्या लेखकाकडून जातीचा दाखला किंवा विवाहनोंदणी मागून नोंद लिहितो? त्या व्यक्तीने स्वतः प्रसिद्ध केलेलं लेखन, मुलाखत, पुस्तकावरचं नाव, एवढं पुरतं. व्यक्ती हयात नसेल तर शेवटच्या काळातली सही, पत्रं, स्वतः छापलेला परिचय. नातेवाइकांचं म्हणणं पुरावा म्हणून सगळ्यात शेवटी. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत जुनं नाव घालतात ते बहुतेक वेळा घरचेच.

व्याकरणाचा विद्यार्थी, मुलुंड

तुम्ही सगळे नावावर अडलाहात. मराठीत खरी अडचण क्रियापदाची आहे. इंग्रजी संहिता सर्वनाम बदललं की मोकळी होते. आपल्याकडे ‘गेला-गेली’, ‘मोठा-मोठी’, ‘करत होता-करत होती’, सगळीकडे लिंग. आयुष्यभर एकच सर्वनाम वापरा म्हणता, तर ‘1960 साली त्या मुलांच्या शाळेत दाखल झाल्या’ हे वाक्य वाचून वाचक मुद्रणदोष समजेल.

गिरगावचा मुद्रितशोधक

समजेल, कारण वाक्यात कारण नाही. ‘जन्मनोंदीत मुलगा लिहिल्यामुळे त्यांना मुलांच्या शाळेत घातलं’ असं लिहा. गोंधळ गेला, आणि ‘घातलं’ला कोणाचंच लिंग नको.

मराठीला यातलं किती येतं ते बघा. ‘त्यांना, त्यांनी, त्यांचा’ ही रूपं स्त्री-पुरुष दोघांना सारखीच. ‘ने’ लागलेल्या कर्त्यामागे क्रियापद कर्माचं लिंग घेतं: त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यांनी संस्था काढली. आदरार्थी वर्तमान आणि भविष्यातही क्रियापद गप्प: जातात, लिहितील. ‘त्यांचा जन्म झाला’, ‘त्यांची नेमणूक झाली’, ‘त्यांना शहर सोडावं लागलं’, ‘त्यांचं निधन झालं’. चरित्रनोंदीतली निम्मी वाक्यं आधीच लिंगनिरपेक्ष आहेत.

व्याकरणाचा विद्यार्थी, मुलुंड

निम्मीच. उरलेल्या निम्म्यात काय होतं ते सांगा. ‘ने’चा नियम सगळ्या सकर्मक धातूंना लागत नाही. बोलणे, शिकणे, विसरणे: ‘त्या मराठी शिकल्या’, ‘ते भाषण विसरले’. तिथे लिंग दिसतंच. रीतिभूतकाळात ‘लिहायचे-लिहायच्या’. अपूर्ण भूतकाळात ‘राहत होते-राहत होत्या’. आणि जी व्यक्ती स्वतःला स्त्री-पुरुष दोन्ही मानत नाही, तिचं काय? इंग्रजीतल्या अनेकवचनी सर्वनामाची नक्कल करून ‘ते’ लिहितात. मराठी कानाला ‘ते’ म्हणजे आदरार्थी पुरुष. ‘ते आले’ म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यासमोर बाई उभी राहते? नपुंसकलिंगी एकवचनही ‘ते’च, म्हणजे मूल, झाड, घर. दोन्हीकडून अन्याय.

सूचीकार, दादर

यावर वापरातला उपाय असा: आडनाव किंवा नाव पुन्हा वापरायचं, कर्ता ‘ना, नी, चा’मध्ये ठेवायचा. ‘राहत होते’ऐवजी ‘त्यांचं वास्तव्य होतं’. ‘शिकले’ऐवजी ‘त्यांचं शिक्षण झालं’. आणि व्यक्ती हयात असेल तर मराठीत कोणतं रूप चालतं हे सरळ विचारायचं, इंग्रजी रूपावरून ताडायचं नाही. इंग्रजीत एक आणि मराठीत दुसरं रूप निवडणारे असतात.

व्याकरणाचा विद्यार्थी, मुलुंड

‘वास्तव्य होतं’, ‘शिक्षण झालं’, ‘नेमणूक करण्यात आली’. पाच हजार शब्द असे लिहा आणि वाचून दाखवा. मंत्रालयातलं परिपत्रक होईल. चरित्रात माणूस चालला पाहिजे, बोलला पाहिजे, रागावला पाहिजे. तुम्ही क्रियापदं काढून नामं भरताय, म्हणजे माणसालाच वाक्यातून काढताय.

गिरगावचा मुद्रितशोधक

हे बरोबर आहे, आणि हे मला आधी सुचायला हवं होतं. तेव्हा मर्यादा घालतो. पारलिंगी स्त्रीसाठी ‘त्या’ आणि पारलिंगी पुरुषासाठी ‘ते’ मोकळेपणाने, बालपणापासून, सगळ्या क्रियापदांसकट. आडवळणाची वाक्यं फक्त जिथे व्यक्तीने दोन्ही रूपं नाकारली आहेत तिथे, आणि तिथेही व्यक्तीने सुचवलेलं रूप मिळालं तर तेच. स्त्री म्हणून जगणाऱ्या बाईला ‘त्या’ लिहायचं टाळून ‘त्यांचं वास्तव्य’ लिहिणं म्हणजे तिचं बाईपण मागच्या दाराने नाकारणं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: जुन्या मजकुरात ‘ते’च्या जागी ‘त्या’ असं संगणकाला एकगठ्ठा बदलायला लावू नका. ‘होते’चं ‘होत्या’ होतं म्हणून सुरुवातीला आनंद होतो, मग ‘रस्ते’चं ‘रस्त्या’ होतं आणि वाक्यातला दुसरा पुरुषही बाई होतो. एकेक वाक्य हाताने करावं लागतं. अवतरणचिन्हांतला मजकूर मात्र बदलायचा नाही. 1970 च्या लेखात ‘तो’ असेल तर एकतर आशय आपल्या शब्दांत द्या, नाहीतर जेवढं लागतं तेवढंच अवतरण घ्या.

भेंडीबाजार

व्याकरण झालं असेल तर शब्दांकडे या. सगळ्यांना सरसकट ‘तृतीयपंथी’ लिहिणं थांबवा. हा शब्द वाचला की मराठी वाचकाला सिग्नलवरची टाळी दिसते. पारलिंगी पुरुषाला तो बसतच नाही. हिजडा ही गुरू-चेल्याच्या नात्यावर, घराण्यावर उभी असलेली जमात आहे, प्रत्येक पारलिंगी स्त्री तिच्यात नसते. पण म्हणून तो शब्द शिवी समजून खोडूही नका. लक्ष्मी नारायण त्रिपाठी स्वतःला अभिमानाने हिजडा म्हणवतात, तिथे ‘पारलिंगी’ लिहून सोवळं पाळणारे तुम्ही कोण? लोककलावंत मंजम्मा जोगती यांच्या नावातच जोगती आहे, यल्लम्माच्या परंपरेतली. 2021 चा पद्मश्री त्याच नावाने मिळाला. तिथे परंपरेचा शब्दच लागतो.

दुसरं. घराण्यात दाखल झालेल्या व्यक्तीच्या कागदपत्रांत वडिलांच्या रकान्यात गुरूचं नाव असू शकतं. ते तपासल्याशिवाय ‘यांचे वडील’ म्हणून छापू नका. मराठी त्रिपदी नावात मधलं नाव वडिलांचंच असणार असं धरून चालता, तिथे फसता.

कोशकार

भेंडीबाजार, माहिती चांगली, पण आवाज खाली. इथे कोणी शिवी दिलेली नाही.

मला इतिहासाचं सांगा. हयात व्यक्तीला विचारता येतं. जेम्स बॅरींचं काय? 1813 साली ब्रिटिश लष्करात डॉक्टर म्हणून प्रवेश, 1826 साली केप टाउनमध्ये सिझेरियन करून आई-बाळ दोघं वाचवली, 1865 साली मृत्यू, आणि मग कळलं की शरीर स्त्रीचं होतं. तुमच्या नियमाने मार्गारेट बल्कली हे जन्मनाव गाळायचं? मग चरित्रकारांनी पत्रांवरून जे शोधलं ते सगळं फेकायचं? आणि ‘ते पारलिंगी होते’ असं तरी कोणत्या आधारावर म्हणायचं? या न्यायाने उद्या बालगंधर्वांनाही कोणी पारलिंगी ठरवेल.

सूचीकार, दादर

बालगंधर्वांना ठरवणारा चुकेल. नारायणराव राजहंसांनी स्त्रीभूमिका केल्या, भूमिका म्हणजे ओळख नव्हे. ज्याने स्वतःबद्दल तसं काही म्हटलेलं नाही त्याच्यावर आजचा शब्द लादायचा नाही.

बॅरींबद्दल: चाळीसहून जास्त वर्षं पुरुष म्हणून नोकरी केली, तेव्हा ‘ते’. ‘पारलिंगी’ हे लेबल नको, त्या काळात तो शब्दच नव्हता. जन्मनाव द्यावं लागेल, कारण आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बालपणाचा पुरावा त्या नावाच्या कुटुंबाच्या पत्रांत आहे. पण ते पुराव्याच्या परिच्छेदात द्यायचं. नोंदीचं शीर्षक जेम्स बॅरी.

कोशकार

म्हणजे जन्मनाव येतंच. मी काय वेगळं म्हणत होतो?

गिरगावचा मुद्रितशोधक

तुम्ही पहिल्या ओळीत, प्रत्येकाच्या, कारण न विचारता म्हणत होता. इथे एका नोंदीत, एका जागी, कारणासकट आलं. हा फरक तुमच्यासारख्या मुरलेल्या संपादकाला मी समजावून सांगायचा, याचा मला त्रास होतो.

कोशकार

ठीक. ‘उर्फ’ सोडलं, शस्त्रक्रियेची तारीखही सोडली. जन्मनावाला ‘त्या नावाने प्रसिद्ध काम असेल किंवा पुरावा त्यावर उभा असेल तर’ ही अट मान्य. मनापासून पटलं म्हणून नाही, पण माझा नियम कॉनवेंच्या नोंदीवर चालवून पाहिला आणि त्या नावाने एकही वाक्य जास्त कळलं नाही. मात्र सूचीत जुन्या नावाखाली ‘पाहा’ नोंद हवी. वाचक जुन्याच नावाने शोधत आला तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं का?

सूचीकार, दादर

मॉरिस यांच्यासाठी हो: ‘मॉरिस, जेम्स, पाहा मॉरिस, जॅन’. कारण तशा पुस्तकाच्या प्रती कपाटात आहेत. कॉनवेंसाठी नाही. त्या नावाने कोणी शोधत येणार नाही, आणि आलाच तर कशासाठी ते तुम्हीही जाणता.

एवढं ठरल्यावरही नाव निसटतं ते या जागांवरून: छायाचित्राच्या फाइलचं नाव, चित्रओळ, पानावरची शीर्षपट्टी, मलपृष्ठावरचा परिचय, श्रेयपानावरचा ऋणनिर्देश. मजकूर चार वेळा तपासून झालेला असतो आणि छायाचित्राची फाइल घरच्यांनी पाठवलेल्या जुन्याच नावाने संकेतस्थळावर चढते. छपाईला देण्याआधी जुनं नाव शोधखिडकीत टाकून अख्खी फाइल एकदा चाळा, मग चित्रांचा फोल्डर वेगळा चाळा. जोडाक्षराच्या दोन्ही लेखनांनी आणि रोमन लिपीतही.