भुईआवळी नेमकी कोणती? दोन रोपं सापडलीत, ओळखायला मदत हवी

नमस्कार. आमचं घर मालवण तालुक्यात. सासऱ्यांना (वय ६१) आठवड्यापूर्वी कावीळ झाली. रक्त तपासलं तर हिपॅटायटिस ई निघाला. डॉक्टरांनी विश्रांती, हलकं जेवण आणि पाणी उकळून प्यायला सांगितलंय, ते चालू आहे.

घरात मात्र भुईआवळी द्यायचं ठरतंय. आमच्या चुलत आजेसासूबाई अख्ख्या वाडीला काविळीवर ती द्यायच्या. मुळासकट उपटायची, धुऊन वाटायची आणि उपाशीपोटी ताकातून घ्यायची. आता त्यांना दिसत नाही, म्हणून रोपं आणायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथेच मी अडलेय.

माडाच्या आळ्यात दोन तऱ्हेची रोपं आहेत. दोन्ही वीतभर उंच, पानं आवळ्यासारखी, रात्री मिटणारी, आणि पानांखाली ओळीने बारीक फळं. एकाचं खोड हिरवं, फळ गुळगुळीत आणि देठाला लोंबणारं. दुसऱ्याचं खोड लालसर, फळ डहाळीलाच चिकटलेलं. भिंगातून त्यावर पुटकुळ्या दिसतात. दोन्ही आजींच्या हातात दिली. त्यांनी चिमटीत फळं फिरवली आणि लालसर रोप बाजूला ठेवलं. "ह्यां न्हय गो, हाताक खरखरीत लागता."

मी वाचलं त्यावरून हिरवं ते फायलॅन्थस अमारस आणि लालसर ते फायलॅन्थस युरिनारिया असावं. बरोबर आहे का? लालसर रोप तुमच्याकडे कशासाठी वापरतात का?

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. सासऱ्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. भुईआवळीनेही साखर उतरू शकते म्हणतात. डॉक्टरांना परवा विचारणार आहे, तोवर मी रस थांबवलाय. घरात थोडी नाराजी आहे, पण असू दे.

१९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या वनस्पतीचा हिपॅटायटिस बीवर चांगला गुण आल्याचं छापून आलं होतं, पण पुढच्या चाचण्यांत तो तसा दिसला नाही. शिवाय सासऱ्यांचा आजार वेगळा, आणि ही कावीळ बहुतेकांची आपली आपण उतरते. मग आजींकडे बरे झालेले लोक औषधाने बरे झाले की दिवस गेल्याने, हे कसं ओळखायचं? कोणा वैद्यांचा अनुभव असेल तर जरूर लिहा.

आणि प्रमाण? आजी "मूठभर" म्हणतात. तुमच्याकडे किती घेतात, किती दिवस? त्यांना आठवतंय तोवर सगळं वहीत उतरवून घेतेय.