निर्दोष माणूस गुन्हा कबूल करेलच कशाला? अहो, करतो!

रेडिंगकर
ब्रिटनच्या पोस्ट ऑफिस घोटाळ्यावरच्या (पोस्टाच्या 'होरायझन' या हिशेबाच्या कॉम्प्युटर सिस्टिमनं खोटी तूट दाखवली आणि काउंटर चालवणाऱ्यांवर खटले झाले) चर्चेत खडूस काकांनी काल लिहिलं, "चोरी केली नव्हती तर कबूल कशाला केलं? आता पुरावा सापडला म्हणून कबुली मागे घेणं म्हणजे मॅच हरल्यावर टॉस पुन्हा करा म्हणण्यातला प्रकार." रात्रभर हे डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

काका, जो हॅमिल्टनबाईंचं घ्या. हॅम्पशायरमधलं खेडं, छोटं दुकान, त्यातच पोस्टाचा काउंटर. होरायझन सिस्टिमवर 2,000 पौंडांची तूट दिसली म्हणून बाईंनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून सांगतील तशी बटणं दाबली आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली! वाढत वाढत गेली 36,000 पर्यंत. हिशेब जुळला असं दाखवल्याशिवाय दुसऱ्या दिवशी काउंटर सुरू होत नाही, म्हणून बाई तसं दाखवत गेल्या. खटला भरणारं पोस्ट स्वतःच. चोरीचा आरोप ठेवला आणि मग सौदा: खोटे हिशेब कबूल करा, पैसे भरा, होरायझनला दोष देऊ नका, चोरी मागे घेतो. बाईंनी मान डोलावली, 2008 च्या शिक्षेत तुरुंग टळला.

होरायझनमध्ये बग होते हे हायकोर्टानं सांगितलं 2019 मध्ये. बाईंची शिक्षा रद्द झाली 2021 मध्ये. कबुली दिलेली असूनही.

खडूस काका
म्हणजे खोटा हिशेब दाखवला हे तुम्हीच सांगताय. मग कबुली खोटी कुठे होती? आणि अर्धंच सांगू नका. 23 एप्रिल 2021 ला 42 अपिलं होती, 39 मंजूर झाली, 3 फेटाळली. सगळेच काही गाय नव्हते. ज्याला खात्री असते तो लढतो.

रेडिंगकर
लढणाऱ्याचं काय झालं तेही ऐका. सीमा मिश्रा, त्याही पोस्टाचा काउंटर चालवायच्या. खोटे हिशेब कबूल केले, चोरी नाकारली, ज्युरीपुढे उभ्या राहिल्या. 2010 मध्ये 15 महिन्यांची शिक्षा, पोटात मूल. हे बघितल्यावर पुढचा कोण लढेल? तुम्ही?

चलानग्रस्त
एवढं लांब कशाला जाताय, आपल्याकडे ई-चलान बघा. माझी स्कूटर बिल्डिंगखाली उभी आणि चलान घाटातलं! फोटोत कुणाची तरी बुलेट, नंबर माझा. तक्रार टाकली, उत्तर नाही. शेवटी लोक अदालतीत भरून मोकळा झालो. ही कबुलीच ना? आता ती रद्द कशी करायची?

निवृत्त शिरस्तेदार
चलानग्रस्त, ते तडजोड शुल्क. मोटार वाहन कायदा, कलम 200. गुन्ह्याची कबुली वेगळी. उगाच खिचडी करू नका.

आता मुद्दा. आपल्याकडे कबुलीवर शिक्षा झाली की अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर का, एवढ्यापुरतंच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 375, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 416. नवा पुरावा घेऊन यायचं तर रिव्हिजन, म्हणजे वरच्या कोर्टाकडून खालचा निकाल तपासून घेणं, तेही 90 दिवसांत, नाहीतर उशीर माफीचा अर्ज. हे बंधन हवंच. बोर्डावर, म्हणजे रोजच्या यादीत, शंभर-शंभर मॅटर असायची. प्रत्येक कबुली उकरायची म्हटली तर कोर्ट चालवायचं कसं?

टेम्पो दौंडकर
साहेब, त्या शंभरातलं एक मॅटर माझं होतं.

मोटारसायकलवाला टेम्पोला धडकला, पाय मोडला. माझ्यावर तेव्हाच्या दंड संहितेची कलमं 279, 338: बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत. हवालदार म्हणाला, "कबूल म्हण, आजच्या आज मोकळा. नाहीतर चार वर्षं तारखा." मी म्हटलं कबूल. 1,500 दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा. मागच्या बाकड्यावर बसलो, पाचनंतर चहा पिऊन घरी.

दोन वर्षांनी सरकारी ड्रायव्हरच्या भरतीत निवड झाली. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये तेच 279 वर आलं. मग पेट्रोल पंपाच्या मॅनेजरकडे गेलो. त्यानं अपघाताच्याच दिवशी सीसीटीव्हीच्या स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून ठेवलं होतं. गाडी राँग साइडनं आलेली स्वच्छ दिसते.

खडूस काका
वाईट झालं. पण कबूल तू केलंस ना? हवालदारानं बंदूक लावली होती का?

टेम्पो दौंडकर
टेम्पो ठाण्यात अडकला होता काका, हप्ता चालू होता. बंदूक लागत नाही.

निवृत्त शिरस्तेदार
रिव्हिजन केलीत का?

टेम्पो दौंडकर
केली. उशीर माफ व्हायलाच आठ महिने. वकिलांनी जुनी फाइल काढली तर प्लीचा, म्हणजे कबुलीचा, छापील कागद, "होय, मला गुन्हा कबूल आहे", खाली माझी सही. सेशन जज म्हणाले, हे आरोपीचे शब्द कसे? शिक्षा रद्द, केस परत खाली. निर्दोष सुटायला आणखी तीन वर्षं. तोवर भरतीचं वय गेलं.

निवृत्त शिरस्तेदार
तो कागद आमच्याच टेबलावरून जायचा. कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहा असं जुन्या संहितेचं कलम 252 सांगायचं. आम्ही गठ्ठ्यानं छापून घ्यायचो. हे मान्य.

चलानग्रस्त
बघा! आणि माझ्या चलानवर तर माझी सहीसुद्धा नाही.

खडूस काका
अरे, गप रे तू! बरं, दौंडकर, तुझ्यापुरतं मी मागे घेतो. हॅमिल्टनबाईंचंही घेतो, नाहीतर रेडिंगकर झोपायचे नाहीत. पण पंपावर कॅमेरा नसता तर? तेव्हा तुझं कुणी ऐकायचं?

टेम्पो दौंडकर
नसतंच ऐकलं. आणि तेव्हाही मी तितकाच निर्दोष असतो.

चलानग्रस्त
मला कालच दुसरं चलान आलंय. तीच बुलेट.

टेम्पो दौंडकर
भरू नका. आधी फोटो छापून ठेवा.