सज्जतेची तपासणी: तारीख देऊन की न सांगता?

खंदक
पलटणीची सज्जता तपासायची तर तारीख आधी कळवू नये, या मताचा मी आहे. तारीख कळली की आठ दिवस आधी रंगरंगोटी सुरू. शेजारच्या कंपनीतून बॅटऱ्या उसन्या येतात, बंद पडलेल्या दोन गाड्यांचे भाग काढून तिसरी चालू होते, तक्त्यावर ९०% लागतात. दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या परत.

त्यापेक्षा रात्री दोनला गजर द्या आणि तीन वेळांची नोंद करा: शेवटचा माणूस हत्यारासकट रांगेत आला ती, पहिली गाडी फाटकाबाहेर पडली ती आणि वायरलेसवर मुख्यालयाशी पहिला बोल झाला ती. मग गाड्या वीस किलोमीटर पळवा, तेही पूर्ण वजन लादून. इंजिन सुरू होणं म्हणजे गाडी चालू असणं नव्हे. इंधनाच्या टाकीच्या तळचं पाणी फिल्टरपर्यंत पोचतं, सैल पट्टा घसरतो, रेडिएटर तापतो, ते सगळं अर्ध्या तासानंतर.

दाखला ब्रह्मदेशचा घ्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, तिथे लढणाऱ्या ब्रिटिश जनरल स्लिम यांच्या फौजेत एका जखमी माणसामागे १२० आजारी मागे पाठवावे लागत, त्यात मलेरिया मोठा. मलेरिया रोखणारी मेपाक्रिनची गोळी रोज घ्यायचा हुकूम होता, पण जवान ती टाळत, कारण तिच्याने कातडी पिवळी पडते आणि पुरुषत्व जातं अशी आवई होती. स्लिमनी अख्ख्या पलटणींची अचानक तपासणी लावली, एकूण एक माणूस तपासला. ९५ टक्क्यांच्या खाली निकाल आला की कमांडिंग ऑफिसर घरी. तिघांना काढावं लागलं, बाकीचे आपोआप समजले. तारीख दिली असती तर आदल्या आठवड्यात सगळ्यांनी गोळ्या गिळल्या असत्या.

रसदवाला
खंदकराव, स्लिमची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याआधी मलेरियाचा रुग्ण भारतात मागे जाई तो सरासरी पाच महिने परत येत नसे. स्लिमनी आघाडीमागे काही मैलांवर तंबूंमध्ये मलेरिया उपचार केंद्रं उभी केली. ताप चढल्यापासून चोवीस तासांत माणूस तिथे, तीन आठवड्यांत परत पलटणीत. १९४५ पर्यंत आजाराचं प्रमाण दिवसाला हजारी एकावर आलं, ते केवळ तीन अधिकारी काढल्यामुळे नव्हे. आधी साधन, मग जाब.

उसन्या बॅटरीवर तुमचा राग आहे, पण ती उसनी का आणावी लागते ते विचारा. उभ्या गाडीतली बॅटरी आपोआप उतरते. बारा व्होल्टची लेड-ॲसिड पूर्ण भरलेली असताना साधारण १२.६ दाखवते, १२.२ वर ती जेमतेम अर्धी उरते. तशीच महिनाभर पडली तर प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग चार्जर लावूनही ती पूर्वीसारखी भरत नाही. त्यासाठी चार्जिंगची खोली हवी, तिथे रोज बसणारा माणूस हवा, वहीत गाडीनिहाय व्होल्टेज हवं. रात्री दोनच्या भोंग्याने यातलं काहीही पैदा होत नाही. उलट तारीख दिलेली तपासणी ही वर्कशॉपला पडलेली कामं उरकायची एकमेव संधी असते. रंगरंगोटी होते हे कबूल, पण त्याच आठवड्यात गळके सीलही बदलले जातात.

शिवाय गजर वारंवार झाले की जवान हुशार होतात. चांगला किट गजरासाठी पिशवीत बंद ठेवतात, रोज वापरतात तो फाटका. झोपाळू ड्रायव्हर आणि रात्रीचं दारूगोळा वाटप, हे अपघाताचं आमंत्रण आहे ते वेगळंच.

मोजेजोडी
तुम्ही दोघं तारखेवर भांडताय. पाहतो कोण, हा माझा प्रश्न.

पायांचं घ्या. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलाने पाय सडू लागले तेव्हा ब्रिटिशांनी ती जबाबदारी थेट अधिकाऱ्यांवर टाकली. कोरडे मोजे रोज, व्हेल माशाचं तेल, पायांची नियमित पाहणी. पण एक कंपनी म्हणजे शंभराहून जास्त माणसं, दोनशेवर पाय. अधिकारी एकटा सगळे बघणार नाही आणि बघूही नये. हवालदाराने रोज मुक्कामाला बूट काढायला लावायचे, अधिकाऱ्याने तिघांना निवडून बघायचं आणि नंतर हवालदाराला एकांतात विचारायचं, ‘यांच्यापैकी कोणाचा पाय सुन्न आहे?’ उत्तर लगेच आलं तर कंपनी बरी आहे. जवानांसमोर विचारलं तर मात्र तपासणी हवालदाराचीच होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं कोणी ऐकत नाही.

काय बघायचं तेही ठाऊक हवं. कातडी पांढरी, सुरकुतलेली, गार, स्पर्श कळत नाही. अशा पायाला चोळायचं नाही, शेकोटीजवळ न्यायचं नाही, सावकाश ऊब द्यायची. हे व्हायला बर्फ लागत नाही, गोठणबिंदूच्या वरही होतं. ओल आणि बुटाची आवळलेली नाडी पुरते. ‘थंडी कुठे आहे’ म्हणणारा अधिकारी इथेच फसतो.

खंदक
साधनांचं मान्य. तरी आकडे फसवतात त्याचं काय? गाड्या ९०%, चालक ९०%, वायरलेस ९०%. तिन्ही कागद हिरवे. पण एका गाडीला तिन्ही एकाच वेळी हवेत, आणि तिन्हींतली खोट वेगवेगळ्या गाड्यांवर पडली तर हाताशी उरतात ७०%. त्यात बंद असलेली गाडी रुग्णवाहिका किंवा ओढून नेणारी रिकव्हरी असेल तर तो एक टक्का दहाला भारी पडतो. कागदावर ती फक्त ‘एक गाडी’ असते.

कोरियात ५ जुलै १९५० ला ओसानजवळ अमेरिकेची ‘टास्क फोर्स स्मिथ’ उभी राहिली, साधारण ५४० माणसं. समोरून उत्तर कोरियाचे तीसहून जास्त टी-३४ रणगाडे. २.३६ इंची रॉकेट लाँचर त्यांच्या चिलखतावर निकामी ठरले, रणगाडाभेदी सुरुंग नव्हतेच, हॉवित्झर तोफांसाठी रणगाडाभेदी गोळे होते फक्त सहा. हे आधी का कळलं नाही?

रसदवाला
हा दाखला तुमचा की माझा? ती तुकडी १ जुलैला जपानमधून विमानाने निघाली आणि ५ तारखेच्या पहाटे मोर्चावर होती. म्हणजे तुमच्या घड्याळात ती उत्तीर्ण झाली की! कमी पडले ते गोळे. ते भांडारातच अत्यल्प होते आणि गजर वाजवून भांडार भरत नाही. कमतरता वर कळवायची वाट मोकळी ठेवा, एवढंच मी म्हणतोय.

कोतवही
ती वाट मोकळी राहते ती शिक्षेच्या नियमाने. आधी स्वतः नोंदवलेल्या बिघाडाला शिक्षा नाही, लपवलेल्याला हमखास. हे सुरुवातीलाच जाहीर करावं आणि पाळावं. एकदा जरी खरं सांगणाऱ्याला झापलं तरी पुढचे सगळे तक्ते शंभर टक्क्यांचे येतील.

बाकी मी मधल्या मार्गाचा. महिना सांगा, दिवस नको. तपासायच्या वस्तू चिठ्ठ्या टाकून निवडा. कोतातल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, रायफलींचे क्रमांक हवालदाराने काढून दाखवायचे नाहीत, आपण यादीवर बोट ठेवायचं. आणि वस्तू आहे का एवढंच पाहू नका, लावायला सांगा. टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा, हे सोपं उदाहरण. मोजणीत प्रत्येकाकडे एक निघतं, पण बऱ्याचदा कारखान्याच्या प्लॅस्टिकात, पिशवीच्या तळाशी. रक्ताने हात निसरडे झाल्यावर ते प्लॅस्टिक फाटत नाही. ते उघडून, पट्टा ओवून, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना पोचेल अशा जागी हवं. डोळे मिटून एका हाताने स्वतःच्या दंडावर लावायला सांगा आणि घड्याळ बघा. पाच जणांत कळतं.

अवांतर: सरावात तेच टूर्निकेट पुन्हा पुन्हा आवळलं की ते कमजोर होतं. सरावाचं वेगळं ठेवा, रंग लावून.

मोजेजोडी
टूर्निकेटशी सहमत. पण महिना सांगितला तर बॅटऱ्या महिनाभरासाठी उसन्या येतील, एवढाच फरक.

खंदक
मग शेजारच्या कंपनीचा गजरही त्याच रात्री वाजवा.