जुना डेस्कटॉप मध्येच बंद पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरचा जुना डेस्कटॉप चालता चालता बंद पडतोय. निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही, थेट काळोख. टायपिंग करताना बराच वेळ टिकतो, व्हिडिओ लावला की लगेच मान टाकतो.

त्यामुळे आधी संशय गरमीवर गेला. धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) तापमान ४५ अंशांच्या आसपास दिसतं, पण तिथे प्रोसेसरवर फारसा ताण नसतो, म्हणून त्या आकड्यावर विसंबत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ एवढीच नोंद. मशीन नीट बंद झालं नव्हतं, इतकंच ती सांगते, कारण नाही.

आता नीट पाहिलं तर मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारचे दोन कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे डबे) फुगलेत, एकाच्या डोक्यावर तपकिरी डाग आहे. आधी कपॅसिटर बदलून घ्यावेत, की दुसरा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावून बघावा? मल्टिमीटर आहे. व्हिडिओ चालू असताना एसएमपीएसची १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ व्होल्टच्या खाली गेली तर एसएमपीएसच बाद धरायचा ना?

वडिलांचं लिखाण याच मशीनवर आहे. त्याची कॉपी घेतली आहे, तरी ते अजून रोज यावरच लिहितात, म्हणून मशीन वाचवायचंच आहे. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.