जेसन टॉडच्या फिक्समधली ती आठ माणसं

सावनी (धागाकर्ती)

रेड हूडवरच्या फिक्स, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, मी वाचते आणि लिहितेही. एक गोष्ट सारखी खटकतेय, ती इथे मांडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जेसन टॉड हा बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, म्हणजे त्याचा पोरसवदा साथीदार. १९८८ मध्ये डीसी कॉमिक्सने त्याला जगवायचं की मारायचं हे वाचकांवर सोडलं आणि फोनवर मतं घेतली. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी पोरगा गेला, जोकरच्या हातून. पुढे २००५ च्या सुमारास तो रेड हूड होऊन परतला आणि बॅटमॅनच्या शहरातल्या, गॉथममधल्या ड्रग टोळ्यांच्या म्होरक्यांपुढे त्याने एक बॅग टाकली. आत त्यांच्याच आठ हस्तकांची मुंडकी.

फिक्समध्ये या बॅगेचं काय होतं? बॅटमॅनच्या घरी, वेन मॅनरमध्ये सगळे जेवायला बसलेत, बटलर आल्फ्रेड वाढतोय, टिम बॅगेवरून जेसनला चिडवतो, डिक हसतो (हे दोघे इतर रॉबिन), ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, कपाळाला हात लावतो. वर टॅग असतो 'नैतिकदृष्ट्या करडा जेसन'. यात करडं काय आहे? आठ माणसं मेली ती एका विनोदापुरती. एकालाही नाव नाही, घर नाही, शवागारात ओळख पटवायला आलेलं कुणी नाही.

मारणारा नायक जरूर लिहा. पण त्याने मारलेला माणूस पानावर राहू द्या. नाहीतर नायकाच्या हातावरचं रक्त आपणच धुऊन देतो आणि वर त्याला गुंतागुंतीचं लेखन म्हणतो.

रात्रपाळी

साफ असहमत.

तू बॅटमॅनचा 'मारायचं नाही' हा नियम मापदंड धरून बोलतेयस. तो आला कुठून? १९३९ चा बॅटमॅन माणसं मारायचा. १९४० मध्ये 'बॅटमॅन'चा पहिला अंक निघाला, त्यात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यावर संपादक व्हिटनी एल्सवर्थने फर्मान काढलं की यापुढे हत्या नाही. गंमत म्हणजे त्याच अंकात जोकर मरणार होता. त्यालाही एल्सवर्थनेच वाचवलं, शेवटी घाईघाईने एक चौकट काढून घेतली की हा अजून जिवंत आहे. नायकाचे हात बांधणारा आणि खलनायकाला अभय देणारा माणूस एकच!

जोकर खपतो, म्हणून तो मरत नाही. मूळ कॉमिक्सला हे कधीच कबूल करता येत नाही, त्यामुळे जेसनने बॅटमॅनला 'याला जिवंत का ठेवलंस?' असं विचारलं की उत्तर म्हणून २००६ मध्ये त्याच्याच गळ्यावर बॅटमॅनचा बॅटरँग, म्हणजे फेकायचं धारदार शस्त्र, येतो आणि जोकर पुन्हा वाचतो. मारलं गेलेलं पोर वाढवणाऱ्या बापाला, बॅटमॅनला, जाब विचारतंय, आणि बाप त्यालाच जखमी करतो. हा राग घेऊन जेसन जाणार कुठे? फिकमध्येच ना! तिथे त्याला एक जेवणाचं टेबल मिळालं तर आपण त्याच्याकडे शवविच्छेदनाचा अहवाल मागायचा का? ज्या घरात भयंकर काही घडून गेलेलं असतं तिथली माणसं जेवताना अशीच बोलतात. मला त्यात उथळपणा दिसत नाही.

दिवाणी_फौजदारी

तुम्ही दोघींनी प्रश्न बापलेकापुरता ठेवलाय. माझ्या मते तो गॉथमच्या न्यायालयाचा आहे.

जोकरला दर वेळी वेडा ठरवून अर्कमच्या मनोरुग्णालयात पाठवतात आणि तो पळतो. इंग्लंडमध्ये १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यानंतर जी कसोटी ठरली तीच आपल्याकडे दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होती, आता न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. मनोविकारामुळे आरोपीला आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे कळण्याची क्षमताच नव्हती का? जोकरला ते पक्कं कळतं, त्याला मजाच त्याची येते. ही कसोटी लावली तर तो सरळ शिक्षेला पात्र ठरेल. लेखकांनी न्यायालय मुद्दाम लुळं ठेवलंय, म्हणून मुखवटेवाल्याच्या हातात बंदूक द्यावीशी वाटते.

आणि हे आपण गोष्टींबाहेरही पाहिलंय. 'कोर्टातून सुटतातच' या एका वाक्याच्या जोरावर मुंबईत चकमकींना टाळ्या पडल्या. २००६ मध्ये वर्सोव्यात लखनभैया मारला गेला. ती चकमक बनावट होती हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं आणि पोलिसांना जन्मठेप झाली. टाळ्या वाजवताना मेलेल्याचं नाव कुणी विचारत नाही, म्हणून सावनीताईंचा आग्रह मला पटतो.

कोळिष्टक

पनिशरचा, म्हणजे गुन्हेगारांना स्वतःच मारत सुटणाऱ्या त्या मार्व्हल पात्राचा, विषय अजून कसा निघाला नाही? १९७४ मध्ये जेरी कॉनवेने तो लिहिला. पुढे अमेरिकेत पोलीस आणि सैनिक त्याच्या छातीवरचं कवटीचं चिन्ह अभिमानाने मिरवू लागले, तेव्हा खुद्द कॉनवेने जाहीर विरोध केला. त्याचं म्हणणं, पनिशर हा व्यवस्था कोसळल्याची खूण आहे, कायदा राखणाऱ्याने त्याचं चिन्ह लावूच नये. लेखक काय सांगतोय आणि वाचक काय उचलतो, यात एवढं अंतर पडू शकतं.

पण मला त्याच लेखकाचं आदल्या वर्षीचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. १९७३, स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी. खलनायक गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो, स्पायडरमॅन जाळं टाकून पकडतो, आणि चित्रात तिच्या मानेशी एक बारीकसा आवाज लिहिलेला आहे. झटक्याने मान मोडल्याचं पुढे संपादकांनीच वाचकांच्या पत्रांच्या पानावर मान्य केलं. जाळं टाकणं बरोबरच होतं, आणि त्यानेच ती गेली. फिक लिहिणाऱ्यांनी अशा जागी हात घालावा. बंदूक चालवावी की नाही हा त्यामानाने सोपा प्रश्न आहे.

रात्रपाळी

@दिवाणी_फौजदारी, वर्सोव्यात बंदूक सरकारी होती. जेसनच्या पाठीशी कुठलं सरकार आहे? क्राइम अ‍ॅलीत, गॉथमच्या बकाल वस्तीत, बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेलं ते पोर. शाळांच्या आसपास माल विकायचा नाही, मुलांना द्यायचा नाही, ही त्याने टोळ्यांना घातलेली अट. त्या मालाने गेलेल्या मुलांची नावं तरी कुठल्या फिकमध्ये असतात? मग हिशेब एकट्या जेसनकडून का मागायचा?

सावनी

कारण जेसन आपला लाडका आहे. जोकरला जाब विचारायला वाचकाला शिकवावं लागत नाही, तो आपोआप विचारतो. लाडक्या माणसाला विचारताना मात्र जीभ जड होते, आणि लिहिणाऱ्याचं काम तिथेच सुरू होतं. नियम कुठल्या संपादकाने आणि कशासाठी घातला, याने त्या आठांच्या मरणात काही फरक पडत नाही.

मी सध्या त्या आठांपैकी एकाच्या बहिणीवर लिहितेय. ती क्राइम अ‍ॅलीतच वाढली, जेसनपासून दोन गल्ल्या पलीकडे. पोलिसांनी मुंडकं पुरावा म्हणून ठेवून घेतलंय, त्यामुळे भावाचं दफन अडलंय. ती ठाण्यात खेपा घालते, आणि दर वेळी काउंटरवरचा माणूस तिच्याकडे न बघता फॉर्म पुढे सरकवतो. भाऊ काय विकायचा हे तिला ठाऊक होतं, घरभाडं त्याच पैशांतून जायचं. आणि रेड हूड आल्यापासून तिच्या मुलाच्या शाळेबाहेर उभे राहणारे ते दोघे दिसेनासे झालेत, हेही ती रोज सकाळी बघते.

रात्रपाळी

ही बहीण मला हवी आहे. लिही.

पण जेसनला तिच्यासमोर रडवून मोकळी होऊ नकोस. पश्चात्ताप दाखवलास तर तो सरळ ओओसी होईल, म्हणजे स्वभावाबाहेर जाईल. पुन्हा वेळ आली तर हेच करीन, असं तो तिला तोंडावर सांगेल, आणि त्याच्याकडे कारणं आहेत. ती कारणं लिहिताना हात आखडू नकोस. कमेंटमध्ये त्याची बाजू मी मांडणारच आहे.