मनोऱ्यावरून वर फेकलेल्या दगडाचा काळ एकाच समीकरणातून का निघत नाही?

प्रश्न:
२० मीटर उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून एक दगड १५ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती वेळाने जमिनीवर पडेल? गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग घ्यायचे आहे. गतीचे दोन टप्पे केले की उत्तर मिळते: १.५ सेकंदात दगड ११.२५ मीटर वर चढतो, तेथून ३१.२५ मीटर खाली यायला २.५ सेकंद लागतात, म्हणजे एकूण ४ सेकंद. परंतु ‘विस्थापन = आदिवेग × काळ + ½ × त्वरण × काळ²’ या सूत्रात २०, १५ आणि −१० या किमती घातल्या की वर्गसमीकरणाचा विवेचक ऋण येतो. वाटेत दिशा बदलत असेल, तर हे सूत्र लागू होत नाही का?

उत्तर १:
लागू होते. सर्वोच्च बिंदूपाशी वेग शून्य झाला तरी त्वरण तेव्हाही तितकेच आणि खालच्याच दिशेने असते, आणि सूत्राची अट तेवढीच आहे.

चूक २० च्या चिन्हात आहे. त्वरण उणे घेतले तेव्हाच आपण वरची दिशा धन मानली. जमीन फेकण्याच्या जागेच्या खाली असल्यामुळे विस्थापन −२० मीटर होते, मग दगडाने प्रत्यक्षात कापलेले अंतर ४२.५ मीटर का असेना. आता समीकरण काळ² − ३ × काळ − ४ = ० असे होते आणि त्याची मुळे ४ व −१ येतात.

+२० घालून आपण नकळत वेगळेच विचारले होते: दगड माथ्यापासून २० मीटर वर केव्हा असेल? तो ११.२५ मीटरच्या वर जातच नाही, म्हणून वास्तव मूळ मिळाले नाही. समीकरणाने अगदी खरे उत्तर दिले होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग −१ सेकंद हे मूळ नुसते सोडून द्यायचे का?

उत्तर २:
या उदाहरणापुरते सोडावे, पण त्यालाही अर्थ आहे. फेकण्याच्या १ सेकंद आधी कोणी जमिनीवरून २५ मीटर प्रति सेकंद वेगाने दगड वर फेकला असता, तर तो माथ्यापाशी नेमका १५ च्या वेगाने पोहोचला असता. जमिनीवर आदळतानाचा वेगही २५ च येतो, त्यामुळे पडताळाही आपोआप होतो.

उत्तर ३:
त्वरण कायम राहण्याची अट ब्रेकच्या उदाहरणांत मात्र जरूर तपासावी. २० मीटर प्रति सेकंद वेगाच्या गाडीला ४ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदन मिळाले आणि ७ सेकंदांतील अंतर विचारले, तर सूत्र ४२ मीटर सांगते, कारण त्याच्या हिशेबी गाडी थांबून उलट धावू लागते. ब्रेक लावलेली गाडी ५ सेकंदांत थांबते आणि थांबलेलीच राहते, म्हणून काळ ५ सेकंदच घ्यावा. अंतर ५० मीटर येते.