मदत हवी आहे: जुन्या इंजिनातील ऑइलगळती सीलमुळे की क्रँककेसमधील दाबामुळे?

माझ्या कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेने आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपते. कव्हरचे गॅस्केट नवे बसवूनही गळती थांबलेली नाही. त्यामुळे मूळ दोष सीलचा नसून, पिस्टन रिंगांजवळून खाली उतरणाऱ्या वायूंना पुरेशी वाट न मिळाल्याने क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या क्रँकशाफ्टभोवतीच्या खालच्या भागात) साचणाऱ्या दाबाचा असावा, असे मला वाटते. हे वायू परत इंजिनाच्या इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळतो, अर्थात एवढ्यावरून त्याची स्प्रिंग ठीक आहे असे म्हणता येत नाही. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरण्याच्या तोंडावर ठेवलेला कागद आत ओढला जाण्याऐवजी उडतो आणि चढावर ब्रीदरच्या (क्रँककेसला एअर फिल्टरशी जोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल येते.

मागचे सील बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे आले, म्हणून त्याआधी जाणकारांचे मत हवे आहे. प्रथम पीसीव्ही व्हॉल्व्ह व त्याच्या नळ्या बदलून दाब मॅनोमीटरने मोजावा, की थेट कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते हे पाहणे) करून रिंगांची झीज तपासावी? शिवाय, कव्हरच्या आत रिव्हेटने बसवलेल्या, ऑइल अडवणाऱ्या पत्र्यामागे चिकट गाळ साचला असल्यास तो पत्रा न काढता कसा स्वच्छ करावा?